इंजिनाला विश्रांती

३ मार्च
गाडी आली. घरी चार्ज होणारी हायब्रिड एसयूव्ही, अडीच टन. पार्किंगच्या दोन खांबांमध्ये बरोब्बर बसते, फक्त मला डिकीतून उतरावं लागतं. बायको म्हणाली, मलाही चालवू द्या. लायसन्स आहे तिच्याकडे, पंधरा वर्षांपासून. पण एवढं धूड हाताळायला अंगात पाणी लागतं. नाही म्हणालो. प्रेमाने.

५ मार्च
मेहुणा आला. शाळेत चित्रकला शिकवतो, गाडी दहा वर्षं जुनी, टीचभर. म्हणे, दाजी, ट्रक छान आहे. ट्रक! तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी बंद कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर शर्यत. हरलो तर किल्ली वर्षभर तुझ्या बहिणीकडे, हेही बोलून गेलो. बायको तेव्हापासून गाडीचं मॅन्युअल वाचतेय. बघू दे बापडीला चित्रं.

८ मार्च, संध्याकाळी
ट्रायल. घड्याळ बायकोच्या हातात. शून्य ते शंभर, आठ सेकंद! काय इंजिन आहे राव! बायकोचं म्हणणं, बॅटरी फुल होती म्हणून. मोटरही जोर लावते. बॅटरी उतरली की सगळं ओझं एकट्या इंजिनावर. हसू आलं. बॅटरी पेट्रोल वाचवायला असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

१० मार्च, रविवार, सकाळी
कारखाना चाळीस किलोमीटरवर. रात्रभर डोकं चालवून प्लॅन केलाय: तिथपर्यंत फक्त बॅटरीवर जायचं. इंजिन बंद. शर्यतीला एकदम ताजंतवानं! बायकोला सांगितलं. तिने मॅन्युअल मिटलं. मग म्हणाली, एसीपण फुल लावा ना. पटलं एकदाचं तिला.

त्याच दिवशी, दुपारी
पोचलो तेव्हा बॅटरी दोन टक्के. इंजिनाची विश्रांती पूर्ण. बायकोने रुमाल हलवला. मी ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. इंजिनाने बोंब ठोकली, गाडी जागेवरच विचार करत बसली. चौदा सेकंद. मेहुण्याला बारा लागले. पुढे जाताना त्याने हात केला, नालायकाने. रस्त्याला चढ होता बहुतेक. वाराही समोरून. बायको म्हणाली, किल्ली.

१७ मार्च, रविवार
तिने बॅटरी फुल करून मेहुण्याला पुन्हा बोलावलं. पावणेआठ सेकंद. मेहुणा आरशातही दिसेना. मी मागच्या सीटवर. पाय पसरायला जागा बरीच आहे मागे, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.
परत येताना मॅन्युअल मागितलं. म्हणाली, चालत्या गाडीत वाचू नका, मळमळेल तुम्हाला.