धुराड्यातला खडा

३ फेब्रुवारी
साखऱ्याच्या उपकेंद्रात आज नर्स म्हणून रुजू झाले. पहिली नोकरी! रोजनिशी मोबाईलवरच लिहिणार. रेंज फक्त अंगणात मिळते, पण लिहायला रेंज कशाला?

नानीबाईंकडे खोली मिळाली. स्वयंपाकघरात जुनी मातीची चूल, तिच्यावर छताबाहेर जाणारं विटांचं धुराडं. गॅस आल्यापासून चूल बंद. धुराड्यात घुबड अडकलंय. नानीबाई म्हणाल्या, चूल पेटवून मिरच्या टाकू, आपसूक खाली पडंल. मी म्हटलं, खबरदार! हिंगोलीत मी पक्षीमित्र. पारवे, साळुंक्या कुठून कुठून काढल्यात. हात वर घातला, पण खांद्याशीच अडकले. बावन्न किलोची बाई मी, कशी मावणार?

५ फेब्रुवारी
खाली चादर अंथरली, मेलेला उंदीर ठेवला. साहेब उतरेनात. चीत्कार चालूच. दुपारी माझ्या ताटात काजळी पडली अन् डोकंच फिरलं. अंगणातला खडा उचलला, मारला वर. केवढं किंचाळलं ते! खरं सांगते, बरं वाटलं. खडा मात्र खाली आलाच नाही.

नानीबाईंनी कपाळावर हात मारला. घुबडाला खडा मारू न्हाई म्हणे. घुबड तो खडा घासत बसतं, अन् खडा झिजतो तसं मारणारं माणूस झिजतं. मी पोट धरून हसले.

८ फेब्रुवारी
धुराड्यात खर्र खर्र आवाज. विटेवर काहीतरी घासल्यासारखा. घड्याळ सैल झालंय, पट्ट्याला नवं भोक पाडलं. उपकेंद्रातल्या काट्यावर सत्तेचाळीस. पाणी बदललं, दुसरं काय!

१२ फेब्रुवारी
एकेचाळीस. रक्त तपासलं, सगळं बराबर. नानीबाईंना विचारलं, यातून सुटायचं कसं? खडा परत हातात आला तरच, म्हणाल्या. आज त्यांनी मला अर्धीच भाकरी वाढली. झिजणाऱ्याला खाऊन काय उपयोग, म्हणे. किती सहज म्हणाल्या!

१५ फेब्रुवारी
चौतीस. आई गं. खर्र थांबत नाही — पट्ट्याला चौथं भोक — आज धुराड्यात खांदा गेला. कंबरही जाईल.

१६ फेब्रुवारी
धुराड्यात आहे. खडा सापडला! ज्वारीच्या दाण्याएवढा उरलाय. मुठीत धरला. घुबड माझ्या डोक्यावर पाय देऊन वरून उडून गेलं — ते अडकलेलं नव्हतंच.

अंगात जीव येतोय. हात भरताहेत. सुटले, सुटले मी —

पट्टा मनगटात रुततोय. कंबर भरली. खाली सरकता येईना. वरही —

काजळीनं घसा बसलाय. हाका मारल्या, नुसता चीत्कार निघाला. खाली नानीबाई कुणाला तरी सांगताहेत, घुबड अजून मेलं न्हाई, सिस्टर उपकेंद्रात गेल्यात तवर उरकून टाकू.

लाकडं मोडल्याचा आवाज. नानीबाई, मी हाय — मी —

मिरच्यांचा वास ये