सोपवताना सांगितलेला शब्द

ता. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जखम दिसत नसेल, तर ती कधी झाली हे कसं सांगायचं? कालपासून हा प्रश्न माझ्या मागे लागलाय आणि मला त्याचं उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू मला एवढं चिडवतोस, पण पदवीच्या एकाही पेपरात हा प्रश्न आला नव्हता.

प्रश्न माझा नाही, वकीलबाईंचा. त्यांच्या सल्ला केंद्रात मी टायपिंग करते हे तुला माहीत आहे. काल काम संपल्यावर धीर करून तुझे लष्करातून सेवामुक्तीचे कागद त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि शेऱ्यावर बोट ठेवलं: ‘बालपणापासूनच्या स्वभावदोषामुळे सेवेस अयोग्य’. त्या म्हणाल्या की सगळं या एका ओळीत अडकलंय. आजार नोकरीत झाला असं लिहिलं असतं, तर तुला सन्मानाने सोडलं असतं आणि लष्करी रुग्णालयात उपचारही मिळाले असते. पण स्वभावच तसा म्हटलं की त्यांचे हात मोकळे. घरून जे आलं ते घरी परत.

दादा, हे खोटं आहे. घरमालकांची नक्कल त्यांच्याच देखत करून त्यांनाच हसवणारा तू! स्वभावदोष तो कसला? अपील करता येतं. मुदत ऑगस्टअखेरपर्यंत आहे. तुझी सही लागेल आणि तुला भरतीआधीपासून ओळखणाऱ्या कुणाचं तरी निवेदन. आईपेक्षा जास्त तुला कोण ओळखणार?

आई बरी आहे. पाळणाघरात नवी पिल्लं आलीत. संध्याकाळी बदलीच्या बाई आल्या की ती अजूनही एकेक मूल त्यांच्या हातात देताना सांगते, की हा हट्टी आहे पण गाण्याने वळतो, ही लबाड आहे, खोटं रडते, हा हळवा आहे, याच्यावर आवाज चढवू नका. मी म्हटलं, आई, तू पोरांना चिठ्ठ्या चिकटवतेस. तर म्हणाली की सोपवताना सांगावं लागतं बाई, नाहीतर समोरच्याला कळणार कसं.

फोन तुला कानाशी धरवत नाही, तर पत्र तरी सविस्तर लिही. मागच्या पत्रात तू तिकडची हवा कळवलीस, स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

लोभ तर आहेच, उत्तराचीही वाट पाहते.

तुझी
धाकटी


ता. १३ जून

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचताना वाटलं, आता खाली दहा मार्कांचा निबंध विचारणार. लहानपणी तू आईच्या वाणसामानाच्या यादीतलं शुद्धलेखन तपासायचीस, आता लष्कराचं तपासायला घेतलंस. लष्कराला काही फरक पडणार नाही, तुझं मात्र रक्त आटेल.

मी ठीक आहे. गाद्यांच्या कारखान्यातलं काम चालू आहे. फोमचे पुरुषभर उंच ठोकळे येतात, ते कापायचे, खोळी चढवायच्या, रचून ठेवायचे. इथली मोठी सोय अशी की काहीही पडलं तरी आवाज होत नाही. परवा मुकादम शिडीवरून पडला, तोही नेमका गाद्यांवर. उठला आणि आम्हालाच शिव्या दिल्या, पण त्याही गाद्यांनी गिळल्या.

झोपेची तेवढी तक्रार आहे. त्यासाठी लष्करी रुग्णालयात जाऊन आलो. खिडकीतल्या माणसाने शेरा वाचला आणि कागद परत सरकवला. भला माणूस होता, माझ्याकडे बघवेना म्हणून टेबलावरचं काहीबाही आवरत बसला. असो.

तुझ्या समाधानासाठी अर्जावर सही करून पाठवतोय. एकच अट. आईला यात ओढायचं नाही. निवेदन नाही, साधी चौकशीसुद्धा नाही. का, ते विचारू नकोस.

जेवत जा. आईला नमस्कार.

तुझा
दादा


ता. २१ जून

ती. दादास,
सा. न.

‘असो’ लिहून तू मोकळा झालास. मी ते पत्र आईला वाचून दाखवताना रुग्णालयाचा परिच्छेद गाळला आणि मुकादम दोनदा पाडला. ती पोट धरून हसली. मग एकदम म्हणाली, की हसवतोय म्हणजे बरा नाहीये.

तुझी अट मला कळत नाही, म्हणून मी ती अजून मानलेली नाही. शेऱ्यातला ‘बालपणापासून’ हा शब्द आला कुठून, असं वकीलबाई विचारतात. भरतीच्या वेळी तुला नखशिखान्त तपासलं होतं, तेव्हा काही सापडलं नाही. मग तुझं बालपण त्यांना कुणी सांगितलं? पलटणीतल्या कुणी डाव साधला का? कुणी साहेबाच्या कानाला लागलं का? तो माणूस कोण ते मला कळव. मी त्याला साक्षीला उभा करीन आणि भर सुनावणीत विचारीन, की एका वाक्याने एखाद्याचं आयुष्य पुसताना जीभ कशी कचरली नाही.

हसू नकोस. खरं कधीतरी वर येतंच, यावर माझा अजून विश्वास आहे. तुझा नसला तर माझ्यातला अर्धा घे.

रागावलेली, तरी तुझीच
धाकटी


ता. २ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू त्या माणसाला शोधत बसू नयेस, म्हणून लिहितो.

तुला अर्धंच माहीत आहे. मी वायरलेसवर होतो. वरच्या चौकीत सात जण होते. त्यातला वायरलेसवाला पोरगा मला रोज एक कोडं घालायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी सांगायचा. एका दुपारी बोलता बोलता त्याचा आवाज बंद झाला. मी हाक मारत राहिलो. चौकी गेली, कुणी उरलं नाही, हे मला येऊन सांगितलं, तरी मारत राहिलो. ऊठ म्हणाले, उठलो नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की उद्या उत्तर सांगतो म्हणालाय. शेवटी दोघांनी धरून कानावरचे हेडफोन ओढून काढले. ते कोडं मी कुणालाच घालत नाही. चुकून कुणाला उत्तर आलं तर?

पुढे मला डॉक्टरांच्या मंडळासमोर बसवलं. त्यांनी आधी घरी फोन केला होता. आठवतं का, आईने तेव्हा तुला केवढ्या कौतुकाने सांगितलं होतं आणि तू मला कळवलं होतंस, की मोठ्याच्या साहेबांचा फोन आला, फार भला माणूस, मी बोलत होते ते सगळं लिहून घेत होता? तो खरंच लिहून घेत होता. मंडळासमोर मोठ्या डॉक्टरांनी ते वाचून दाखवलं. तिने सांगितलं होतं, की त्याच्यावर ओरडू नका हो, लहानपणापासूनच हळवा आहे तो, जरा सांभाळून घ्या.

बाकीचं काही वाचायची मग गरजच पडली नाही.

तिचा दोष नाही. बदलीच्या बाईंच्या हातात मूल द्यावं, तसं तिने मला त्यांच्या हातात दिलं. तिला हे कळलं तर काय होईल, ते तुला मी सांगायला नको. शेरा माझ्या नावावर आहे, तो तिथेच राहू दे. तिच्या नावावर नको.

आता तरी अट मान.

तुझा
दादा


ता. २९ जुलै

चि. मोठ्यास,
अनेक आशीर्वाद.

धाकटीने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, म्हणून मीच खोदून खोदून विचारलं.

माझं अक्षर तुला लागेल ना? पुष्कळ दिवसांनी लिहितेय. इतके दिवस तू घरी का येत नाहीस, ते आज कळलं. मी वाटेल ते बोलत होते, की पोराला घर नकोसं झालं. आणि तू मला तोंड दाखवायचं टाळत नव्हतास, माझं तोंड जपत होतास.

तो साहेब फार गोड बोलला रे. मला वाटलं, तुझी काळजी वाटते म्हणून विचारतोय.

आता ऐक. मी लिहून देणार आहे, की मी त्या दिवशी खोटं बोलले. तू कधी हळवा नव्हतास. पडलास तरी रडला नाहीस, दगड होतास, दगड. धाकटीला सांगितलंय, तसंच टाईप कर, मी सही करते. खोटारडी म्हणतील, म्हणू देत. या वयात मला कुठे सोयरीक जमवायची आहे?

तू झोपत जा. डाव्या कुशीवर झोप, लहानपणी त्याच कुशीवर तुला लागायची.

तुझी
आई


ता. ९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

तू सांगू नकोस म्हणालास आणि मी सांगितलं. आईने खोदून विचारलं नव्हतं. ते तिने मला वाचवायला लिहिलंय, तिची सवय कुठे जाणार. त्या एका वाक्याला उत्तर दिल्याशिवाय अपील उभं राहत नाही, आणि उत्तर फक्त तीच देऊ शकते, असं वकीलबाईंनी स्वच्छ सांगितलं. शिवाय रुग्णालयाची ती खिडकी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. म्हणून मी स्वतःहून तिच्याजवळ बसले आणि तुझं पत्र वाचून दाखवलं.

ती पाळणाघरातल्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली. शेवटची झाल्यावर तिने सगळ्या मोडल्या आणि पहिल्यापासून पुन्हा घातल्या. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी तिला आणायला गेले, तेव्हा बदलीच्या बाई एका नव्या मुलाबद्दल विचारत होत्या, की हा कसा आहे. आईने मूल त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, तुम्हीच बघा. तेव्हापासून ती कुणाही मुलाबद्दल एक शब्द सांगत नाही. दादा, हे मी केलंय. हे तुझ्यापासून लपवणार नाही.

मग ते दगडाचं निवेदन. मी ते तिच्या शब्दांत टाईप केलं. वकीलबाईंना पटलं. आईनेच शब्द मागे घेतला तर शेरा बहुधा टिकणार नाही, असं त्या म्हणाल्या. आईने चष्मा लावला, पेन उघडलं आणि आधी वाचून दाखव म्हणाली. ‘माझा मुलगा कधीही रडला नाही’ या ओळीशी मी अडखळले. कोपऱ्यावरचा म्हातारा कुत्रा गेला, तेव्हा तू त्याची वाटी घासून ठेवली होतीस आणि जेवला नव्हतास. ते आम्हा दोघींना एकाच वेळी आठवलं. आई कागदाकडे बघत म्हणाली, की हा कोण आहे, याला मी ओळखत नाही.

मलाही मग राहवलं नाही. तू दगड असतास तर हेडफोन काढून ठेवले असतेस आणि चहा प्यायला गेला असतास. जो शब्द त्यांनी दोष म्हणून लिहिला, तो आपणही दोष म्हणूनच खोडायचा, तर त्या सात जणांना हाक मारणारा माणूस आपल्याही कागदावर उरत नाही.

मी नवा कागद चढवला. आई सांगत गेली, मी शब्दही बदलला नाही. मास्तरीण असून.

तिने सांगितलं, की मी पाळणाघरात काम करते. मूल दुसऱ्याच्या हाती देताना त्याचा स्वभाव सांगायची मला सवय आहे. माझा मुलगा लहानपणापासून हळवा आहे, असं मी साहेबांना सांगितलं आणि ते खरं आहे. दुसऱ्याचं दुखलेलं ज्याला कळतं, त्याला आम्ही हळवा म्हणतो. असाच मी तो तुम्हाला दिला, आणि तुम्ही तपासून घेतलात. तेव्हा तो जेवत होता, झोपत होता, हसवत होता. आता झोपत नाही. मी ते सांगितलं, ते त्याला सांभाळावं म्हणून. परत पाठवावा म्हणून नाही.

वकीलबाईंनी कागद वाचून खाली ठेवला. मग म्हणाल्या, की हे खरं आहे, पण मंडळाला ते पटेलच असं नाही. दगडाचा कागद जास्त सुरक्षित होता. हरलो तर दुसरी संधी नाही. मला एक दिवस विचार करायला दिला. तुला विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तू पुन्हा शेरा स्वतःच्याच नावावर ठेवून घेतला असतास.

पहिल्या पत्रातला प्रश्न अजूनही मला सुटलेला नाही. तुझं कोडंही मला घालू नकोस, ते तसंच राहू दे. जमलं तर घरी ये. आई तुझी गादी उन्हात घालते आणि संध्याकाळी आत घेते. मी विचारलं तर म्हणते, ओल लागते.

दगडाचा कागद मी फाडला. दुसऱ्यावर आईने सही केली, तुझा अर्ज वर जोडला आणि पाकीट आज सकाळी मी रजिस्टर करून आले.

रागावलास तरी पत्र लिही.

तुझी
धाकटी