अभनपूरचा अ‍ॅडापिस

बाबा, आज वर्गात अ‍ॅडापिस शिकवला. माकडांच्या कुळातला फार जुना, मांजराएवढा प्राणी, केव्हाच नामशेष झालेला. युरोपातल्या खडकांत त्याचे जबडे आणि हाडं तेवढी उरलीत. तो पहिल्यांदा सापडला तेव्हा जाणकारांना खुरांचा प्राणी वाटला होता, हे सांगितल्यावर पोरं हसली. मी नाही हसले. तुम्ही त्याच्या नेमकं उलटं करून दाखवलं होतं.

राज्य नवीन झालेलं, रायपूर राजधानी. ज्याला त्याला मिरवायला काहीतरी हवं होतं, आणि भूशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या तुम्हाला तर सगळ्यांच्या आधी. अभनपूरकडे विहीर खणताना निघालेल्या मातीतून तुम्ही एक जबडा उचलून आणलात आणि तात्यापाऱ्यातल्या घरी आईच्या पोळपाटावर ठेवून जाहीर केलंत, "अ‍ॅडापिस!" आपल्याखालची चुनखडी दात असलेल्या कुठल्याही प्राण्याहून जुनी आहे, हे दरवर्षी फळ्यावर लिहिणारा माणूस! लाज कशी वाटली नाही? मला तुमच्याच विभागात संशोधन करायचं होतं, म्हणून चित्र काढायला मला बसवलंत. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये चांगली लांब मोकळी जागा, अ‍ॅडापिसला नसते तशी. मी म्हणते, "बाबा, हे तर बकरीचं होय." तुम्ही पेन्सिल माझ्या हातात कोंबता. "दोन-तीन दात काढून भरून टाक ना ते. मंत्र्याले काय समजते?" मी पेन्सिल खाली ठेवली. मग पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून तुम्ही चित्रात हवे तेवढे दात काढून घेतलेत.

कॉलेजच्या हॉलमध्ये मंत्र्यांच्या हस्ते हारतुरे झाले, आणि बाहेरगावच्या एका पाहुण्यानं जबडा हातात घेऊन हळूच विचारलं, "सर, ये बकरी का नहीं है?" तुम्ही जराही न अडखळता माझ्याकडे बोट केलंत. "बिटिया लाई थी. मैंने भरोसा कर लिया." संपलं. त्या विभागानं मला पुन्हा दारात उभं केलं नाही. मी नागपूरला निघून गेले, तुम्ही शाल-नारळ घेऊन निवृत्त झालात. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि चारचौघांत केवढा तो विद्वत्तेचा तोरा!

गेल्या महिन्यात रायपूरला आले होते, तेव्हा तेलीबांध्याला तुमचा एक जुना विद्यार्थी भेटला. "दीदी, सर तो इतने काबिल थे. वो बकरीवाली गलती किसकी थी?" सगळं तोंडाशी आलं होतं. "मेरी," मी म्हणाले. इतकी वर्षं हेच सांगत आले आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते: तुम्हाला कुणी हसलेलं मला अजून सहन होत नाही.