नोट परत येतेच

४ मार्च १९९९

कुठी जाते म्हणजे? कुठीच जात नाई! इथीच असते, माझ्याजवळ — असं मी रुखमाबाईले सांगतलं, तर बुढी चुलीपुढून उठली अन् माझी बाहीच चाचपायले लागली. मंग पदर. मंग आंबाडा सोडून पाह्यला! घरमालकीण आहे म्हणून गप बसली मी. आंबाड्यात काय निघणार? दोन काटे निघाले. तिची दोन रुपयाची नोट तिच्याच पानाच्या चंचीत होती, चुन्याच्या डबीखाली.

दिसली तशी ओरडली — "माय वो! भुताटकी!"

"भुताटकी नाई वो. बांगडीवालीची बोटं."

"कोणं शिकवली?"

"आमच्या मन्सूरनं."

सगळ्याइले मी असंच सांगते. मंग ती कपाळाले हात लावून म्हणते, "बिचारा. भला माणूस असंल." मी म्हणलं, असंल!

५ मार्च

काल हासता हासता झोपली. आज सकाळपासून एकच गोठ डोक्यात घोळून राह्यली, म्हणून लिहिते.

चामोर्शीले मी आली त्याले तीन वर्ष झाली. भद्रावतीहून दोन पेट्या बांगड्या अन् एक गाठोडं घेऊन यष्टीतून उतरली. पहिल्याच बाजारात बायका चिकटल्या. अशी बोटं कोणाची नाईत म्हणे, आंगठा कधी मुडपला समजत नाई. मंग एकीनं इचारलं, मालक काय करते? मी सांगतलं — मन्सूर सिरोंच्यापल्याड धंद्याले गेला, तिथीच तापानं मेला, तिथीच पुरला.

झालं! पुढच्या बाजारी त्याच बायका बांगड्या कागदात बांधून मागू लागल्या. "घरी भरतो बाई." कोणी हात पुढे करेना. विधवेच्या हातून बांगडी भरून घ्यायची नाई म्हणे. लग्नाच्या पोट्ट्या तर माझ्या दुकानावरून सावली वाचवून जात.

बांगड्या भरून झाल्या की बाई बांगडीवाल्याले नमस्कार करते. लहान असो, मोठी असो, वाकतेच. जात पाहत नाई, धरम पाहत नाई. तीन वर्षात मले एकीनं नमस्कार केला नाई. माल खपते, पोट भरते. पण ते नाई.

मंग मी नोटाइचा खेळ काढला. हात देत नाई ना? नोट तर द्या! नोट द्यायले कोणी भेत नाई, परत यायले पायजे एवढंच. अन् माझी परत येते. आता बाजारात म्हणतच असतात — सईदाबाईची नोट परत येते.

मले एकच पायजे. एका नवरीचा चुडा माझ्या हातून. अन् त्याच्यावरचा नमस्कार.

११ मार्च

आज बाजारात मजा आली! अजून पोट दुखून राह्यलं हासून.

खेळ असा. ज्याची नोट तो नंबर मोठ्यानं वाचते. मी नोट गुंडाळते, काडीएवढी बारीक. मूठ, फुंकर — नाई! मंग गिऱ्हाइकालेच म्हणते, घ्या कोणताही बांगड्याचा पुडा. ते घेते, मी तोच पुडा झटकून त्याच्या हातात देते, ते फोडते, अन् बांगड्याइच्या मधी नोट! (पुड्याचं बूड मी घरूनच फोडून आणते, सगळ्याच पुड्याइचं. झटकताना नोट आत. बस.)

आज तांदळाचे दलाल बापूराव आले. पांढरं धोतर, मिशीले तेल. पन्नासची नोट दिली अन् माझा उजवा हात मनगटापासून धरला. गच्च! म्हणे, "आता कर गायब. हात सोडतच नाई मी."

"नका सोडू भाऊ. इतक्या वर्षानं कोणी हात धरला!"

माणसं खिदळली. बापूराव लाल. पण हात सोडला नाई. डोळे माझ्या उजव्या मुठीवर असे की पापणी हालेना. मी मूठ हळूहळू उघडली, एक एक बोट. नोट नाई!

"कुठी गेली?"

"तुमच्याच हातात आहे ना भाऊ. पहा."

पाह्यलं. त्याइच्या मनगटात बांगडी! हिरवी, कचकड्याची, मधातून कापलेली — लहान पोरीइले घालतो ती. अन् बांगडीत खोचलेली पन्नासची नोट.

दुसऱ्याच्या हातात बांगडी चढवतो तेव्हा त्याचं लक्ष जिथी दाबलं तिथी असते. इथी तर दाबणारा तोच होता! माझा डावा हात कोण पाहते?

सगळा बाजार लोटपोट. एक म्हातारा म्हणे, "बापूराव, शोभते!" ते बांगडी ओढून फेकून गेले. नोट मातर खिशात घालून गेले बरं.

१२ मार्च

बापूराव आज चहाच्या टपरीवर आले नाईत. हि हि.

१८ मार्च

हि हि कशाची.

आज दीपिका आली, इंदुताईची पोट्टी. डीएड झाली. मोहफुलाचा वास येत होता तिच्या ओढणीले, येताना झाडाखाली बसली असंल. म्हणे, "मावशी, एकवीस एप्रिलले माझं लग्न. चुडा तुम्हीच भरायचा."

माझ्या हातातला पुडाच पडला. तीन बांगड्या वाढल्या. (फुटल्या म्हणायचं नाई, आमच्या धंद्यात वाढल्या म्हणतात.)

"तुझ्या आईनं सांगतलं का?"

"आईले मी सांगते. पण काका लय तापले आहेत तुमच्यावर."

"काका कोण?"

"बापूराव."

अल्ला! साऱ्या चामोर्शीत बांगडी घालायले मले नवरीचा काकाच भेटला!

२० मार्च

इंदुताई घरी आली. तिचा मालक जाऊन दहा वर्ष — नाई, खोडते. चुकून दुसरीचं लिहिलं. इंदुताईचा मालक चांगला धट्टाकट्टा आहे, बोलत मातर नाई. घरात दीर बापूरावचं चालते अन् इंदुताईचं.

पाटावर बसली, पाणी पिली. मंग म्हणे, "वाईट वाटून घेऊ नको सईदाबाई. तू चांगली आहेस. पण लग्नाचं काम आहे. चुडा भरायले सवाष्णच पायजे. पोट्टी ऐकून नाई राह्यली, म्हणून तूच नाई म्हण तिले."

म्हणजे नाई पण मीच म्हणायचं!

मी म्हणलं, "मंग तुमच्या दिराले बोलवा. त्याइच्या हातात बांगडी आहे."

तिनं पदर तोंडाले लावला. हासली, मी पाह्यलं! पण उठून गेली.

रुखमाबाई म्हणे, "तुले तोंड आवरत नाई." खरं आहे. ती गेल्यावर मी बम वेळ त्या पाण्याच्या गिलासाकडे पाहत बसली. पोट्टीले नाई म्हणायले मी काही जाणार नाई. त्याइनंच म्हणावं.

२५ मार्च

आज सगळं लिहूनच झोपीन!

बाजार भरला तसे तिघंही आले. पुढे बापूराव, मागं इंदुताई अन् दीपिका. बापूरावनं सगळ्याइले ऐकू जाईल असं म्हणलं — "लय नोटा परत आणते ना? ही आण. आणली तर मी चुड्याबद्दल एक शब्द बोलणार नाई. नाई आणली तर ही पेटी या बाजारातून उठली पायजे."

अन् इंदुताईकडून नोट घेऊन माझ्यापुढे धरली. एक रुपयाची. इंदुताईच्या लग्नात तिच्या ओटीत आलेली. तीस वर्ष देवाच्या डबीत ठेवलेली. परवानगी तिनं दिली खरी, पण चेहरा पांढरा पडला होता.

नोट हातात घेतली अन् माझा जीवच गेला. वाळल्या पानासारखी! गुंडाळली तर तुकडे. घडी केली तर तुकडे. माझा सगळा खेळ गुंडाळण्याचा.

अन् बापूराव पिशवीतून काढते काय — हिरव्या बांगड्याइचा पुडा! म्हणे, "पुडा माझा. गडचिरोलीहून आणला. तुझ्या पुड्याइले हात लावायचा नाई."

हुशार आहे बाप्पा! बूड शाबूत. चारी बाजूनं डिंक.

मी म्हणलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? माणसं चढून राह्यली एकमेकाइच्या खांद्यावर. इंदुताई अशी थरथरून राह्यली की तिच्या बांगड्या वाजत होत्या. मी तिचा हात धरला. "भिऊ नका ताई. तुमची नोट आहे, माझा धंदा आहे. दोघीइचंही सारखंच जाणार." अन् जरासा दाबला, भरताना दाबतो तसा. मंग हात सोडला, मूठ वर केली, फुंकर मारली.

नाई!

"फोड पुडा," बापूराव दीपिकाले म्हणे. तिनं फोडला. बांगड्या काढल्या एक एक. कागद झटकला. नोट नाई.

बापूराव हासले, सोन्याचा दात दिसला. "उचल बाई पेटी."

मी जरा थांबली. (एवढी मजा मी सोडते का?) मंग म्हणलं, "भाऊ, पुड्यात आहे असं कोणं म्हणलं? तुम्हीच म्हणलं! जिची नोट तिच्याजवळ गेली ती. इंदुताई, बांगड्या वर सारा."

तिनं डाव्या मनगटावरच्या बांगड्या वर सरकवल्या. खाली नोट. सपाट. ना घडी, ना चिरा. कातडीले चिकटून बसली होती घामानं.

असा गोंधळ झाला की पलीकडच्या भाजीवाल्या पण दुकानं सोडून धावल्या! बापूरावचा दात दिसेना झाला.

पण इंदुताई नोट पाहूनच नोती राह्यली. ती बांगड्या मोजून राह्यली होती. एका हाताच्या. मंग दुसऱ्या हाताच्या. मंग पुन्हा पहिल्या.

"माझ्या बांगड्याइले हात लागला तुझा," ती म्हणे.

"लागला."

"एकही वाढली नाई."

"नाई वाढली."

तिनं बांगड्या खाली ओढल्या. "माझा चुडा पाच सवाष्णीइनं मिळून भरला होता. मांडवातच चार वाढल्या होत्या. सासू वर्षभर टोचत राह्यली." मंग दिराकडे न पाहता म्हणे, "वीस तारखेले ये. सकाळीच."

बापूरावनं आपल्या बांगड्या पिशवीत भरल्या. बोलायचं नोतंच ना! शब्द दिला होता.

२६ मार्च

रुखमाबाईनं खीर केली. मी तिची वाटीच गायब केली. मारायले धावली.

२० एप्रिल

भरला.

दीपिकाचा हात मोठा, हाडाचा. माप लहान घेतलं मी मुद्दाम, सैल चुडा मले आवडत नाई. पाटावर बसवली, तेल लावलं, आंगठा आत मुडपला. एका हातात अकरा, एका हातात अकरा. अन् माझ्याकडून एक एक वरून. आवाज नाई, ओरडणं नाई. एकही वाढली नाई. मामी, आत्या, शेजारणी, सगळ्या दारात उभ्या राहून माझ्या बोटाकडे पाहून राह्यल्या होत्या. नोट नोती आज, तरी पाहून राह्यल्या होत्या!

शेवटची चढली. दीपिका उठली अन् वाकली. माझ्या पायाले डोकं टेकवलं.

मी तोंडानं कायतरी म्हणलं असंल. आठवत नाई.

मंग मागून आत्यानं हात पुढे केला. "माझ्या पण भर बाई." मंग मामीनं. दुपारपर्यंत चवदा बायकाइचे हात भरले. चवदा नमस्कार. मोजले मी!

निघताना बापूराव ओसरीवर. म्हणे, "मले नको भरू." पह्यल्यांदा चांगला हासला बुढा.

२२ एप्रिल

बाजार. आज बसायलेही जागा नाई, इतके हात पुढे. मुलचेऱ्याकडच्या बंगाली बायका पण आल्या. त्याइच्या शाखा-पोळ्याच्या, म्हणजे शंखाच्या अन् पोवळ्याच्या बांगड्याइच्या, मधात माझ्या लाल बांगड्या कशा दिसतात!

मंग पोट्टे ओरडले, खेळ दाखवा, खेळ! मी म्हणलं, काढा नोट. मागून एका पाहुण्यानं हात लांब केला. शंभराची, कोरी. डोक्याले गमछा, हातात रेक्झिनची पिशवी. त्यानं नंबर वाचला नाई. मीच वाचला. गुंडाळली, मूठ, फुंकर — नाई.

माणसं थांबली. मी पुड्याले हात लावला नाई. चंचीले नाई, कोणाच्या मनगटाले नाई. म्हणलं, "संपला खेळ. जा घरी."

"अवो पाहुण्याची नोट!" बापूरावच ओरडले. "सईदाबाई, तुझी नोट परत येते ना!"

"ही नाई येत."

इंदुताईनं माझ्याकडे असं पाह्यलं की जशी मी तिच्या घरातलं भांडं उचललं. रुखमाबाई कानात म्हणे, "काऊन वो? तीन वर्षाचं नाव घालवते का शंभर रुपयासाठी?" मी बांगड्या लावत बसली.

पाहुणा ओरडला नाई. भांडला नाई. जरा वेळ उभा राह्यला, मंग पिशवी उचलून यष्टीकडे गेला. बापूरावनं त्याच्यामागं जाऊन आपल्या खिशातून शंभर द्यायले काढले, तर त्यानं घेतले नाईत म्हणे.

माझं नाव गेलं का? जाऊ दे. आज झोप मस्त येणार.

२३ एप्रिल

ती नोट मन्सूरची होती. तो मेला नाई. भद्रावतीहून माझ्या मालाचे पैसे उचलून दुसरीसंगं गेला, अन् मी इथी येऊन त्याले तापानं मारला. वहीतही मारला, वाटलं लिहून लिहून मरंल. विधवेले माणसं टाळतात, पण टाकलेलीले हासतात — अन् हासणं माझं काम आहे, त्याइचं नाई. खेळही त्यानं शिकवला नाई. तो झोपला की त्याच्याच खिशात बोटं शिकली. दीपिकाचा चुडा सवाष्णीनंच भरला, इंदुताईले कधी समजणार नाई! नोट या पानात ठेवली आहे. परत देणार नाई.