बाबांची तीन पदकं

चॅटहॅम, २ डिसेंबर १९२२

प्रिय क्लेम,

तिकडे कॅनडात आता गुडघाभर बर्फ असेल. मी पाठवलेले मोजे मिळाले का? मी बरी आहे. समोरच्या मिसेस टॅपसेलनी पुन्हा मांजर पाळलंय आणि पुन्हा ते आमच्याच दारात बसतं.

तुला बाबांबद्दल सांगायचंय.

हाय स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पर्सी डॉलिमोर नावाचा एक माणूस काड्यापेट्या विकतो. डावा पाय युद्धात फ्रान्समध्ये राहिला त्याचा. गेल्या महिन्यात एका पोलीस शिपायानं त्याला हटकलं, "रस्त्यात भीक मागायची नाही."

"भीक कुठं? काड्या विकतोय."

"तेच ते. चल, ऊठ!"

बाबा तिथून चालले होते. तडक घरी आले, ठेवणीतला कोट काढला आणि मला म्हणाले, "मेबल, तिन्ही पदकं लाव. सरळ लाव गं, वाकडी नकोत."

मी बघतच राहिले. तू खंदकातून परत आलास त्या वर्षी, जेवणाच्या टेबलावर तू त्यांच्या पदकांकडे बोट दाखवून विचारलं होतंस, "बाबा, लष्कराच्या पगारकचेरीत दौत सांडून जखम झाली होती का हो?" त्या रात्री त्यांनी पदकं काढून ठेवली ती ठेवलीच.

मी घाबरून मागोमाग गेले. बाबांनी डॉलिमोरच्या गळ्यातला ट्रे स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि भर पावसात ओरडायला लागले, "काड्या घ्या, काड्या!" आपले बाबा, क्लेम! चर्चमध्येसुद्धा ज्यांचा आवाज कधी ऐकू आला नाही, ते!

शिपाई धावत आला. छातीकडे बघून वरमला. "सार्जंट-मेजरसाहेब, अहो, हे चांगल्या वर्तणुकीचं पदक ना? आणि कायदा मोडताय?"

"अठरा वर्षं चांगला वागलो," बाबा म्हणाले, "ते आजच्यासाठीच. पकड मला."

लोक हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शिपाई मान खाली घालून निघून गेला. ट्रे रिकामा होईपर्यंत बाबा तिथून हलले नाहीत.

घरी आल्यावर मी ओला कोट काढत पुष्कळ बोलले त्यांना. ते म्हणाले, "क्लेमचं काही चुकलं नव्हतं गं. त्याच्यासारखी पोरं मरत होती आणि मी उबेत बसून पगार काढत होतो. लाज वाटायची ही लावायला. आज पहिल्यांदा कामी आली."

मांजर, मोजे, सगळं लिहून झालं. आता टाळून चालणार नाही. त्या पावसानं त्यांची छाती धरली. मंगळवारी सकाळी बाबा गेले.

पदकं कुणाला द्यायची, ते मी शेवटी विचारलं होतं. म्हणाले, "क्लेमला. हसला तरी चालेल म्हणावं. पण इथं येऊन हस."

दफनाला पगारकचेरीतले लोक आले होते. पण टेकडीच्या चढावर शवपेटीच्या अगदी मागे होता तो डॉलिमोर, कुबड्यांवर. दोनदा घसरला. कुणाला हात लावू दिला नाही.

मी अजून रडलेले नाही, क्लेम. एकटीनं रडवत नाही. तू ये, मग रडू.

तुझ्याशिवाय आता कुणी नसलेली,
मेबल