आठपट

सोमवार, ३ मार्च

आज रुजू झाले. जागा एकदम आवडली. खाली लाँड्री आहे, त्यामुळे जिना चढताना साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास येतो. वर दोन खोल्या, मोठ्या खिडक्या, भिंतभर जुनी गेमची यंत्रं आणि वायरींची भेंडोळी. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. साठीचे, जाड भिंगांचा चष्मा, चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून पडायच्या आत तोंडात टाकण्यात पटाईत. त्यांच्याखेरीज फक्त आवाजवाली ताई. गेममधले आवाज ती दुरुस्त करते.

माझं काम असं: जुन्या यंत्रांवरचे गेम कॉम्प्युटरवर चालवायचे. इम्युलेटर नावाचा प्रोग्राम त्या यंत्राचं सोंग घेतो. मूळ यंत्राला जेमतेम चित्र काढता यायचं. आपण तेच चित्र दुप्पट, चौपट, आठपट बारकाईनं काढायला लावू शकतो. कुठल्या गेमला कुठलं रिझोल्युशन शोभतं ते मी ठरवायचं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे दिवसभर गेम खेळायचे आणि वर पगार घ्यायचा, बाहेर कुणाला सांगू नकोस.

गुरुवार, ६ मार्च

मजा येतेय. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम चौपटीवर नेला, तर कडेला टाळ्या वाजवणारी माणसं चक्क पुठ्ठ्याची निघाली. दुप्पटीवर आणल्यावर पुन्हा गर्दी वाटायला लागली. रिझोल्युशन वाढवलं की कडा धारदार होतात, पण भिंतीवरचा रंग चित्रकारानं दिला तेवढाच राहतो. नसलेलं काही उगवत नाही. ताई म्हणते, हे वाक्य अण्णा नव्या माणसाकडून पाठच करून घेतात.

सोमवार, १० मार्च

अण्णांनी आज दार लोटून घेतलं आणि स्वतःच्या खणातली एक डिस्क दिली. त्यांच्या थोरल्या भावानं एकट्यानं केलेला गेम. अर्धवट राहिला, कारण मधेच दादा गेले. गेम म्हणजे एक स्वयंपाकघर आणि टेबलाशी पाठमोरा बसून जेवणारा माणूस, बस्स. मूळ मापात तो नुसता तपकिरी डाग दिसतो. अण्णा म्हणाले, तो दादाच आहे, त्यानं स्वतःलाच काढलंय. दादांचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. चेहरा दिसेल इतकं वाढव म्हणाले. मी समजावलं, पाठमोऱ्याला कितीही वाढवलं तरी चेहरा कुठून येणार. ते डिस्कवरून अंगठा फिरवत राहिले. दुप्पट करून दाखवलं.

ताटातलं अन्न हलल्यासारखं वाटलं. चित्र कधी कधी लुकलुकतं, त्यातलंच असेल.

मंगळवार, ११ मार्च

आज चौपट. ताटात जे पांढरं दिसत होतं ते अन्न नाही. अळ्या आहेत. गुबगुबीत, एकमेकींच्या अंगावरून घसरणाऱ्या. पाठमोरा माणूस त्यांचे घास करून खातोय.

ताटाचं मूळ चित्र उघडून पाहिलं. नखाएवढं, त्यात एक पांढरा ठिपका. अळीच्या पारदर्शक अंगातून काळी रेघ सरकताना दिसावी, एवढं त्यात मावतच नाही. ताईला बोलावलं. तिनं पाहिलं आणि तोंडावर हात दाबून बेसिनकडे पळाली. परत येऊन म्हणाली, वास येतोय. मग मलाही आला. नासक्या दुधाचा, आणि त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर. डबा तसाच घरी आणला.

गुरुवार, १३ मार्च

ताईनं काम सोडलं. फोनवर म्हणाली, तूही नीघ. अण्णा एकटे पडतील म्हणून गेले नाही. तेवढ्यासाठीच.

सहापट. मानेच्या वळ्यांत मळाचे काळे दोर. कॉलरशी एक पिकलेलं गळू, तो चावला की ते धडधडतं. अण्णा खुर्ची ओढून त्याच्यासमोर डबा उघडून बसले. पडद्यावरचा घास उचलतो तेव्हाच हेही उचलतात. मचमच, दोघांची एका तालात. त्यांच्या हनुवटीला काहीतरी पांढरं चिकटलं होतं. काय होतं ते मी पाहिलं नाही. आत ओढून घेतलं त्यांनी, जिभेनं.

शुक्रवार, १४ मार्च

आठपट. मी नाही म्हटलं, त्यांनीच केलं.

मान वळलीये. थोडीशी. गाल दिसतो. गालाला भोक आहे, त्यातून दात चावताना दिसतात. अण्णा हसत होते.

"दादा," म्हणाले. "किती वाळलास रे."

लाँड्रीवाली वर आली, उंदीर मेलाय का विचारायला. दारातूनच नाक दाबून परत गेली.

शनिवार, १५ मार्च

अण्णा रात्री घरी गेलेच नाहीत. सकाळी त्यांच्या बायको आल्या, वहिनी. पाठीमागून त्यांनी अण्णांची कॉलर सारली. गळू. तेच, त्याच जागी. बोट लागलं आणि फुटलं. त्यांच्या बांगड्यांवर उडालं.

बंद करा ते, म्हणाल्या. बंद होईना. मग मी मूळ मापावर आणलं. पडद्यावरचा माणूस डाग झाला. वास गेला. हायसं वाटलं, क्षणभर —

वहिनींनी अण्णांना वळवलं. चेहरा नव्हता. मळून ठेवलेल्या पिठासारखं गुळगुळीत. डोळ्यांच्या जागी दोन चौकोनी डाग. तोंडाच्या जागी रेघ, आणि ती रेघ चावत होती.

वहिनींना सांगितलं, रिझोल्युशन वर नेलं की अण्णा सडतात. खाली आणलं की पुसले जातात.

"दुप्पट ठेव," वहिनी म्हणाल्या. "डोळे तरी दिसू देत."

रविवार, १६ मार्च

दुप्पटीवर आहे. डोळे आलेत. वहिनींना ओळखतात. भरवलेलं थुंकतात, बोटानं पडद्यावरचं ताट दाखवतात. वहिनी डॉक्टरांना आणायला गेल्यात. तोवर बस म्हणाल्या. बसलेय.

पडद्यावर आता दोन पाठी —

तिसरी खुर्ची ओढलेली. मघाशी नव्हती.

सेटिंग दुप्पटच दाखवतंय. पण मला केस दिसतायत. केसांतलं हलणारं दिसतंय. कुणी वाढवलं, मी हात नाही लावला —

थोरला वळला. पूर्ण. मी डोळे मिटलेत, न बघता लिहितेय. अण्णांनी चेहरा पाहिला असणार. हुंदका आला त्यांचा. ओला, गिळत गिळत.

ताट सरकल्याचा आवाज. पडद्यातून नाही. या टेबलावरून. माझ्या कोपराला गार लागलं —

तोंड घट्ट मिटलंय. उघडणार नाही. काही झालं तरी उघडणार नाही. पण जिभेखाली मऊ काहीतरी — आधीपासूनच — ते वळव