रविवारची डबी

७ फेब्रुवारी १९९९, रविवार

झालं! आज मिस्सा संपल्यावर फादर शौरय्यांनी माईकवरून नाव पुकारलं — हिम्मतराव साळवे. वेदीपुढे गेलो, शपथ घेतली, त्यांनी चांदीची चपटी डबी गळ्यात अडकवली. आजपासून मी प्रसादसेवक. म्हणजे जे आजारी आहेत, म्हातारे आहेत, ज्यांना चर्चपर्यंत येववत नाही, त्यांच्या घरी दर रविवारी या डबीतून ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर न्यायची. फादर एकटे, पॅरिश कुकटपल्लीपासून पार मियापूरपर्यंत. ते तरी कुठे कुठे पुरे पडणार!

कुसुम पहिल्या बाकावर डोळे पुसत होती. आनंदानं! पांढरा झब्बा तिनं काल दोनदा इस्त्री केला. डिसेंबरात फादरांनी विचारलं तेव्हा मी तीन वेळा टाळलं होतं. चौथ्यांदा नेमकी ही शेजारी उभी. ती हो म्हणून मोकळी झाली.

तीन घरं दिली. दोन तेलुगू म्हाताऱ्या. तिसरं घर सांगताना फादर खूश — "प्रतापराव भालेराव! तुम्हारा तो दोस्तइच है ना?"

दुपारी जेवलो नाही. कुसुम म्हणाली, पहिल्या दिवशी उपास, किती छान. तिला काय सांगू!

८ फेब्रुवारी

ऑफिसातून परस्पर फादरांकडे गेलो. म्हटलं, ते तिसरं घर दुसऱ्या कुणाला द्या. का? जिना चढवत नाही म्हटलं. फादर हसले. "वो दो बुढ्ढियाँ तो चौथे माले पे हैं, साळवेगारू." मग समजावून सांगितलं. आजारपणानंतर प्रतापरावांना तेलुगू प्रार्थना कळेनाशी झाली आहे, मराठीत म्हणणारं पाहिजे. मराठी म्हणणारा सेवक पॅरिशमध्ये मी एक. आणि शिवाय — "उनके घरवालों ने आप का नाम बोले."

आलो परत.

१० फेब्रुवारी

झोप नीट नाही. निदान इथे तरी लिहून टाकतो.

ऑक्टोबर ९७. कंपनीत संगणक आले, परदेशी भागीदार येणार म्हणून रंगरंगोटी झाली आणि आमच्या सेक्शनमध्ये दोन हेडक्लार्कांतला एक 'जास्त' ठरला. दोन म्हणजे प्रताप आणि मी. दोघं जालन्याकडचे, एकाच मिशन शाळेतले, एकाच महिन्यात इथे चिकटलेले. फाईल वर नेताना मी ती उघडून पाहिली. यादीत नाव माझं होतं. खाली एक ओळ — सेक्शनमधून कुणी आपणहून व्हीआरएस घेतल्यास हे नाव वगळावं.

कॅन्टीनमध्ये प्रतापला बाजूला घेतलं. म्हटलं, "यादीत तुझं नाव आहे रे. मी पाहिलंय. ते काढून टाकायच्या आत तूच फॉर्म भर, निदान मानानं जाशील." त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं झालं तू सांगितलंस." वर माझ्याच पेनानं सही केली!

क्वार्टर सोडावं लागलं त्याला. भाजीबाजारामागे दोन खोल्या घेतल्या. सुजातावहिनी शिकवण्या घेऊ लागल्या. गेल्या ऑक्टोबरात तो पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी एकदा दवाखान्यात जाऊन आलो, तेही तो झोपलेला असताना. मी अजून क्वार्टरमध्ये आहे. खिडकीतून त्याचं जुनं क्वार्टर दिसतं. आता तिथे कंत्राटदाराच्या सिमेंटच्या गोण्या आहेत.

नाव काय, तर हिम्मतराव!

१४ फेब्रुवारी, रविवार

गेलो. वहिनींनी सगळं तयार ठेवलं होतं. स्टुलावर पांढरं कापड, मेणबत्ती, क्रूस, पेल्यात पाणी. प्रताप उशांना टेकून बसवलेला. तोंड डावीकडे ओढलेलं, डोळे मात्र तेच. डबी उघडली. प्रसाद वर धरून म्हटलं, "ख्रिस्ताचं शरीर."

यावर 'आमेन' म्हणायचं असतं. प्रताप माझ्याकडे बघत राहिला. मग स्वच्छ म्हणाला — "नक्को."

आपल्याच नकोला या गावानं एक क जास्त लावला आहे. आयुष्यभर तो शब्द ऐकतोय, पण असा कधी ऐकला नव्हता. माझा हात वरच राहिला. वहिनी म्हणाल्या, "घाबरू नका भाऊजी. आता तेवढा एकच शब्द उरलाय त्यांच्याकडे. पाणी दिलं तरी नक्को, जेवण दिलं तरी नक्को. हो म्हणायचं असलं तरी नक्कोच. तुम्ही द्या."

आणि त्यानं तोंड उघडलं. दिला. पाण्याचा घोट पाजला. त्यानं डोळे मिटून घेतले आणि मी जिना कसा उतरलो मला आठवत नाही.

१५ फेब्रुवारी

फादरांना विचारलं — आमेनच्या जागी माणूस भलतंच काही म्हणाला तर द्यावं का? म्हणाले, "मुँह खोलते ना? वोइच आमेन."

१७ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. कपाळाला राख लावताना फादर म्हणतात, 'माणसा, तू माती आहेस.' यंदा पहिल्यांदा पटलं.

२१ फेब्रुवारी, रविवार

प्रसाद जवळ असताना वाटेत थांबायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, असा नियम. आज इराणी हॉटेलासमोर सेक्शनमधले लक्ष्मणराव भेटले. "अरे साळवे! चहा घेऊन जा!" मी मान हलवली आणि छातीवर, डबीवर हात ठेवून निघालो. त्यांना वाटलं छातीत कळ आली! सायकलवरून मागे लागले — "रिक्षा बोलावू का? दवाखाना इथेच आहे!" भाजीबाजारापर्यंत पाठलाग. एरवी हसून पोट दुखलं असतं.

वर गेलो. "ख्रिस्ताचं शरीर." "नक्को." तोंड उघडलं.

मी मनाशी घोकतो — रोगाचा शब्द आहे, रोगाचा शब्द आहे. पण तो म्हणताना त्याची नजर डबीवर नसते, माझ्यावर असते.

२७ फेब्रुवारी

माझं त्रांगडं असं आहे. दुसऱ्याला प्रसाद द्यायचा तर आधी मिस्सात स्वतः घ्यावा लागतो, सगळ्यांसमोर, वेदीशी उभं राहून. हे पाप पोटात ठेवून घेतला तर दुप्पट पाप. न घेतला तर पॅरिशभर चर्चा — साळवे का थांबले? सेवा सोडतो म्हटलं तर कुसुम विचारणार, फादर विचारणार. तीन रविवार झाले, घेतोय.

आज संध्याकाळी धीर करून पापनिवेदनाला गेलो. जाळीपलीकडे फादर शौरय्या. माझा आवाज ते खोकल्यावरून ओळखतात! म्हटलं, "खोटं बोललो." विचारलं, "कितीदा?" "एकदा." ते बहुतेक हसलेच. एवढं सालस गिऱ्हाईक त्यांना कुठे मिळणार! प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मरिया' म्हणायला सांगितल्या. त्या मी म्हटल्यासुद्धा.

लाज वाटते स्वतःची.

७ मार्च, रविवार

आज वाईट झालं. प्रतापला खोकला होता. "नक्को" म्हणाला, तोंड उघडलं, मी जिभेवर प्रसाद ठेवला आणि ठसका लागला. अर्धा ओला प्रसाद उशीवर पडला. वहिनी पुढे झाल्या, मग थांबल्या. त्यांनाही माहीत आहे — तो पुसायचा नाही, टाकायचा नाही. सेवकानं तो स्वतः घ्यायचा.

प्रतापच्या तोंडातून पडलेला. मी उचलला आणि खाल्ला. तो बघत होता, वहिनी बघत होत्या. शाळेत आम्ही एकच पेरू आळीपाळीनं चावून खायचो, तेव्हा कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं की आता इथेच बोलून टाकावं. तोंड उघडलं. वहिनी म्हणाल्या, "पाणी हवंय का भाऊजी?" मी हो म्हटलं.

९ मार्च

ऑफिसात माझ्या टेबलावरही संगणक आला. आम्हा दोघांचं मिळून जे काम होतं ते तो सकाळच्या सकाळी उरकतो. बाकीचा दिवस मी त्याच्यासमोर बसून असतो. याच खुर्चीसाठी केलं मी ते.

१४ मार्च, रविवार

नक्को. उघडलं. दिला. उतरलो.

२० मार्च, शनिवार

लेकीला, शिल्पाला, दिलसुखनगरच्या कोचिंगला सोडलं आणि तसाच कोठीला गेलो. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये मला कुणी ओळखत नाही. जाळीपलीकडे म्हातारे मल्याळी फादर. मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. यादी, कॅन्टीन, पेन, डबी, नक्को. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी आवाजही चढवला नाही.

मग विचारलं, "वो आदमी समझ सकता है?" म्हटलं, डोळ्यांवरून तरी सगळं समजतं. "तो उस को बोलो. पहले बोलो, फिर प्रभु को उस के घर ले जाओ. इस के बिना मत ले जाना."

बाहेर पुस्तकवाल्यांच्या गर्दीत किती वेळ उभा होतो. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. उलट आता पळवाटच उरली नाही. इतके दिवस मला नियम माहीत नाही असं स्वतःला सांगता येत होतं.

२१ मार्च, रविवार

ताप आला असं सांगून पडून राहिलो. कुसुमनं थर्मामीटर लावला. ९८. तिनं तो झटकून ठेवला. कॉफी आणून दिली.

२८ मार्च, झावळ्यांचा रविवार

गेलो. आधी सांगायचं, मग डबी उघडायची, असं ठरवून गेलो. पण वहिनी दारातच म्हणाल्या, "गेल्या रविवारी वाट बघत होते तुमची. दुपारपर्यंत जेवले नाहीत." मग शेजारीणबाई झावळी घेऊन आल्या आणि प्रार्थनेला बसूनच राहिल्या. त्यांच्यासमोर कसं बोलू? आणि वहिनींनी सांगून ठेवलंय, डॉक्टर म्हणतात मनाला धक्का बसेल असं काही नको.

सगळी कारणं खरी आहेत. सगळी मला सोयीची आहेत.

बोललो नाही. डबी उघडली. तो "नक्को" म्हणाला आणि मी दिला. न्यायचा नव्हता तरी दिला. परतताना जिन्यात बसून रडलो. खालच्या मजल्यावरच्या बाईनं विचारलं, "एमैंदंडी?" काय झालं? काही नाही म्हटलं.

ईस्टर आठवड्यावर आलं. बुधवारी रजा टाकतो. डबी न घेता जातो. नुसता हिम्मत म्हणून.

३१ मार्च, बुधवार

जिन्यात वाक्य पाठ करत गेलो — यादीत नाव माझं होतं, प्रताप. दार उघडंच होतं. यादगिरी न्हावी त्याची दाढी करत होता. "मुच्छी थोडी कम करूँ, साब?" प्रताप म्हणाला, "हौ." इथल्या बोलीतला 'हो'. "पानी गरम है ना?" "हौ, हौ." वाकड्या तोंडानं हसत होता.

मग त्यानं मला पाहिलं. "नक्को."

सुजातावहिनी आतून आल्या, पदराला हात पुसत. माझ्याकडे बघितलं, डबी नाही हेही बघितलं. हळू आवाजात म्हणाल्या, "दिवाळीला तुमच्या सेक्शनमधले लोक फराळ घेऊन आले होते. यादीत कुणाचं नाव होतं ते त्यांच्याकडून आम्हा दोघांना कळलं. दुसऱ्या दिवशी हे पडले. फादरांना तुमचं नाव मीच दिलं, भाऊजी. रविवारी ईस्टर आहे. वेळेवर या."

मी हो म्हणालो.